रुग्ण बोलला म्हणून...

पुरुषांच्या मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तिला प्रोस्टेट किंवा पुरःस्थ ग्रंथी म्हणतात. उतारवयात तिचा कर्करोग होऊ शकतो, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण उपचारानंतर पती-पत्नीच्या सहवासाचे काय होते, हा प्रश्न आपल्याकडे कुजबुजतच विचारला जातो, किंवा विचारलाच जात नाही. या प्रश्नालाही एक इतिहास आहे.

१९०४ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी कर्करोगासाठी संपूर्ण प्रोस्टेट काढण्याची शस्त्रक्रिया केली. पुढची कित्येक दशके या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक पुरुषांची लैंगिक ताठरता कायमची जाई. अनेकांचा लघवीवरचा ताबाही सुटे. १९४१ मध्ये शिकागोचे चार्ल्स हगिन्स यांनी वृषणे काढून किंवा स्त्री-संप्रेरके देऊन पसरलेला रोग मागे हटवता येतो, हे दाखवले. त्यांना १९६६ चे नोबेल मिळाले. पण पुरुष-संप्रेरक आटले की कामेच्छाच मावळते. एका वाटेने शरीर साथ सोडी, दुसऱ्या वाटेने ओढच जाई. जीव वाचला हे काय थोडे झाले, असे म्हणून डॉक्टर आणि रुग्ण दोघेही गप्प बसत.

ही कोंडी फुटली ती एका रुग्णामुळे. १९७७ मध्ये जॉन्स हॉपकिन्सचे डॉ. पॅट्रिक वॉल्श यांच्याकडे शस्त्रक्रिया झालेला एक गृहस्थ तीन महिन्यांनी तपासणीला आला आणि आपले लैंगिक आयुष्य पूर्ववत सुरू झाल्याचे त्याने सांगितले. ताठरतेचे मज्जातंतू प्रोस्टेटमधूनच जातात, त्यामुळे ते तुटणारच, अशी तेव्हाची समजूत होती. मग हा माणूस बरा कसा? वॉल्श यांनी हा अपवाद म्हणून सोडून दिला नाही.

उत्तर मिळाले १९८१ मध्ये, हॉलंडमधल्या लायडन शहरात. तिथले निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर मृत जन्मलेल्या अर्भकाच्या शरीरात मूत्राशयाचे मज्जातंतू शोधत होते. प्रौढांच्या जतन केलेल्या मृतदेहात हे बारीक तंतू चरबीत दडलेले असतात. अर्भकात ते स्पष्ट दिसतात. ताठरतेचे तंतू कोणते, असे वॉल्श यांनी विचारले. डोंकर यांनी ते कधी शोधलेच नव्हते! दोघे मिळून शोधायला बसले आणि काही तासांत दिसले, की हे तंतू प्रोस्टेटच्या आवरणाबाहेरून जातात. म्हणजे ते वाचवता येण्याजोगे होते. २६ एप्रिल १९८२ रोजी वॉल्श यांनी ते जाणीवपूर्वक वाचवून शस्त्रक्रिया केली. त्या ५२ वर्षांच्या रुग्णाची ताठरता वर्षभरात परत आली.

पण याचा अर्थ प्रश्न मिटला असा नाही. रोग तंतूंपर्यंत पोचला असेल, तर ते काढावेच लागतात. वाचवले तरी सावरायला कधी वर्ष-दोन वर्षे लागतात. वय आणि आधीची स्थिती यांवरही बरेच अवलंबून असते. वीर्य बाहेर येणे कायमचे थांबते, मात्र सुखाची संवेदना राहू शकते. १९९८ मध्ये आलेली व्हायग्रा उपयोगी पडते, पण तीही मुख्यतः तंतू शाबूत असतील तर. किरणोपचारांनंतरही ताठरता ओसरू शकते, बहुधा हळूहळू.

ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात सुरुवातीला ६७ टक्क्यांना संभोगायोग्य ताठरता येत होती. सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटात हे प्रमाण १२ टक्के, किरणोपचारांच्या गटात २२ टक्के आणि नुसत्या देखरेखीच्या गटात ५२ टक्के होते. याच अभ्यासाच्या २०२३ च्या निष्कर्षांनुसार पंधरा वर्षांत या कर्करोगाने दगावलेले सुमारे तीन टक्केच होते, आणि तिन्ही गटांत फारसा फरक नव्हता. अर्थात, हे रुग्ण प्रोस्टेटपुरत्याच मर्यादित रोगाचे होते. पण अशांसाठी थांबून लक्ष ठेवणे हाही एक मार्ग आहे.

म्हणून उपचार ठरण्यापूर्वीच विचारावे: माझे तंतू वाचतील का? नाहीतर पुढे काय उपाय? शक्य असेल तर पत्नीलाही सोबत न्यावे. हा प्रश्न तिचाही आहे. १९७७ मध्ये तो गृहस्थ संकोचून गप्प राहिला असता, तर हे तंतू आणखी किती वर्षे तुटत राहिले असते, कोण जाणे.