महा परत घरी आला, त्याची गोष्ट

मस्कतहून सलालाचा रस्ता आपल्यापैकी बहुतेकांनी एकदा तरी तुडवला आहे. खरीफच्या दिवसांत, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, पोराबाळांना गाडीत घालून, डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आपण निघतो. निझवा, आदम मागे पडले की पुढे शेकडो किलोमीटर नुसते सपाट, पांढुरके माळरान. मुले विचारतात, "बाबा, अजून किती?" आणि आपण म्हणतो, "हैमा आलं की थांबू." हैमाला पेट्रोल, चहा, पाय मोकळे करणे आणि पुन्हा प्रवास. त्या हैमाच्या पूर्वेला जिद्दत अल-हरासिस नावाचे विशाल पठार पसरले आहे, आणि जगातल्या प्राणिसंवर्धनाच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण तिथे घडले आहे, हे मलाही बरीच वर्षे ठाऊक नव्हते.

ते कळले तेही इथे नाही, तर अमेरिकेत. २००९ सालची गोष्ट. सुट्टीत आम्ही माझ्या धाकट्या बहिणीकडे कॅलिफोर्नियाला गेलो होतो. सॅन डिएगोजवळ एस्कंडिडो इथे प्राणिसंग्रहालयाचे अठराशे एकरांचे वन्यप्राणी उद्यान आहे. १९७२ साली ते लोकांसाठी खुले झाले. तिथे पिंजरे कमी आणि मोकळी कुरणे जास्त. उघड्या गाडीतून फिरताना सूचना सांगणाऱ्या बाईंनी एक पांढराशुभ्र कळप दाखवला. काळसर पाय, तोंडावर काळे पट्टे, डोक्यावर दोन सरळसोट, लांब शिंगे. "हे अरबस्तानातले ओरिक्स," त्या म्हणाल्या. आमची नऊ वर्षांची लेक मस्कतमध्ये जन्मलेली. ती जागेवरच उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "आत्या, हे तर आमच्या गावचे!" सगळे हसले. मग ती मला हळूच म्हणाली, "बाबा, हे परत घरी जातात का?"

मी म्हटले, "हो, गेले की!" हे उत्तर अर्धेच खरे होते. उरलेले अर्धे मला परत आल्यावर वाचून कळले. तेच आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

मृगाक्षीचे डोळे

अरबीत या प्राण्याला 'अल-महा' म्हणतात. आपल्याकडे सुंदर स्त्रीला मृगाक्षी म्हणतात, तसे जुन्या अरबी काव्यात तिच्या डोळ्यांना महाच्या डोळ्यांची उपमा देतात. 'महा' हे मुलीचे नाव आजही इथे सर्रास आढळते. कतार एअरवेजच्या विमानाच्या शेपटीवर दिसणारे शिंगवाले डोके याचेच. बाजूने पाहिले तर दोन शिंगे एकावर एक येऊन एकच दिसते. एकशिंगी घोड्याच्या दंतकथेचे मूळ यातच असावे, असे पुष्कळांचे म्हणणे आहे.

वाळवंटाला इतका सरावलेला दुसरा मोठा प्राणी क्वचितच असेल. पाण्याचा थेंब न पिता तो महिनोन् महिने काढू शकतो. जिद्दतवर अरबी समुद्राकडून पहाटेचे धुके येते. त्या धुक्याने ओलावलेले गवत व झुडपे खाऊन त्याची तहान भागते. दूर कुठे पाऊस पडला की त्याला कसे कोण जाणे कळते, आणि कळप त्या दिशेने चालू लागतो. मादीला साधारण साडेआठ महिन्यांनी एकच पिल्लू होते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर बसला आहे. एका वेळी एक पिल्लू देणारा प्राणी वेगाने मारला गेला, तर तो भरून येत नाही.

उंटावर बसून, साध्या बंदुकीने शिकार होत होती तोवर महा टिकून होता. बेदूंना त्याचे मांस व कातडे हवे असे, पण वाळवंटात त्याला गाठणे हेच मुळी पराक्रमाचे काम होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तेलाचा शोध वाढला, मोटारी आल्या, स्वयंचलित बंदुका आल्या. मोटारीपुढे मोकळ्या माळावर धावणारा पांढरा प्राणी लपणार कुठे? उत्तरेकडचे कळप आधी संपले. १९६० च्या सुमारास दक्षिणेत रब अल-खालीच्या कडेने थोडेसे उरले होते.

नऊ जणांचे कुटुंब

लंडनच्या फौना प्रिझर्वेशन सोसायटीने १९६२ साली 'ऑपरेशन ओरिक्स' नावाची मोहीम काढली. नेतृत्व मेजर इयन ग्रिमवुड यांच्याकडे होते. ते त्या वेळी केनियाचे मुख्य वन्यजीव अधिकारी होते. एडनच्या संरक्षित प्रदेशात, म्हणजे आजच्या येमेनच्या पूर्व भागात, एप्रिल-मेच्या उन्हात, बेदू माग काढणारे आणि एक छोटे विमान घेऊन ही मंडळी कित्येक आठवडे भटकली. त्या काळी मस्कतमध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने छापलेला आखाती रुपया चालत होता, म्हणजे काळ किती वेगळा होता याची कल्पना यावी. एवढे करून हाती लागले चार प्राणी. त्यातला एक नर पकडल्यावर लवकरच मेला. उरले दोन नर आणि एक मादी.

त्यांना आधी केनियात नेले. पण तिथे गुरांच्या लाळ-खुरकत रोगाची भीती. मग वाळवंटी हवेचे ठिकाण शोधता शोधता अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातले फिनिक्स सापडले. तिथले प्राणिसंग्रहालय १९६२ सालीच उघडले होते. ओरिक्ससाठी तिथे खास आवार बांधण्यात आले, आणि त्यासाठी पैसा देणाऱ्यांत 'शिकार-सफारी क्लब' नावाची हौशी शिकाऱ्यांची संस्था होती. शिकार हा आपलाच शब्द. ज्या शिकारीने प्राणी संपत आणला, तिचेच नाव लावणाऱ्यांनी त्याला छप्पर दिले. नियतीचा विनोद, दुसरे काय!

१९६३ साली तिघे फिनिक्सला पोहोचले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने आपली एक मादी दिली. कुवेतच्या शेखांनी एक मादी दिली. सौदी अरेबियाचे राजे सौद यांनी आपल्या संग्रहातल्या दोन जोड्या दिल्या. १९६४ पर्यंत एकूण नऊ प्राणी झाले: चार नर, पाच माद्या. त्यांना 'जागतिक कळप' असे भारदस्त नाव मिळाले. पहिले पिल्लू १९६३ च्या ऑक्टोबरमध्येच जन्मले.

आता प्रश्न होता सोयरिकीचा. नऊ जणांच्या घराण्यात सख्खे-चुलत कळपातच नांदू लागले, तर वंश दुबळा होतो. म्हणून प्रत्येक पिल्लाचे आईबाप वंशावळीच्या नोंदवहीत लिहून ठेवायचे, आणि कोणता नर कुठल्या कळपात पाठवायचा हे त्यावरून ठरवायचे. आपल्याकडे गोत्र पाहून स्थळ ठरवतात, त्यातलाच हा प्रकार! शिवाय सगळे प्राणी एकाच गावात ठेवणेही धोक्याचे. एखादी साथ आली की सगळाच खेळ आटोपला. म्हणून १९७२ साली सहा प्राणी सॅन डिएगोच्या त्या नव्या उद्यानात हलवण्यात आले. मोकळ्या कुरणात कळप भराभर वाढला. आमच्या लेकीने पाहिले ते या सहांचे वंशज.

त्याच १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये जिद्दत अल-हरासिसवर मोटारीतून आलेल्या शिकाऱ्यांनी शेवटचा रानटी कळप मारला. जगाच्या पाठीवर मोकळा हिंडणारा एकही महा उरला नाही. दहा वर्षांपूर्वी ते चार प्राणी पकडले नसते, तर आपल्या मुलांना तो फक्त नाण्यांवर आणि विमानांवर पाहावा लागला असता.

यालूनीचे कुंपण

ओमानमध्ये १९७० साली सुलतान काबूस गादीवर आले. महाला घरी आणायचे, हा त्यांच्या राजवटीचा एक संकल्प होता. पण प्राणी विमानात घालून आणला आणि दार उघडले, इतके ते सोपे नव्हते. सॅन डिएगोच्या कळपातल्या कुणीच वाळवंट पाहिले नव्हते. वेळेवर चारा, वेळेवर पाणी, अशा शिस्तीत वाढलेली ती पिढी. परदेशात वाढलेली मुले सुट्टीत आजोळी गेली की पहिले चार दिवस कशी बावरतात, ते आपण जाणतोच!

जिद्दतवर यालूनी या ठिकाणी तळ उभारण्यात आला. १९८० साली पहिले प्राणी आले. आधी लहान आवारे, मग सुमारे एक चौरस किलोमीटरचे मोठे कुंपण. तिथे त्यांना एकमेकांची ओळख व्हावी, कळपातला थोरला-धाकटा ठरावा, म्हणून दोन वर्षे ठेवले. महा एकटा जगत नाही, कळप म्हणूनच जगतो. ३१ जानेवारी १९८२ रोजी कुंपणाचे दार उघडले आणि दहा जणांचा पहिला कळप बाहेर पडला. १९८४ मध्ये दुसरा सोडला. या कामाचे शास्त्रीय नेतृत्व मार्क स्टॅन्ली प्राइस यांनी केले.

पण खरे राखणदार होते हरासिस. हे त्या पठारावरचे मूळ रहिवासी, उंट आणि शेळ्या पाळणारे, स्वतःची हरसूसी भाषा बोलणारे. पायाच्या ठशावरून प्राणी ओळखणारी ही माणसे रक्षक म्हणून पगारावर घेतली गेली. कळपामागे ते दिवसच्या दिवस फिरत, प्रत्येक जन्माची नोंद ठेवत. पाण्याची, चाऱ्याची सवय सुटली, पिल्ले माळावर जन्मू लागली. १९९४ मध्ये युनेस्कोने हे अभयारण्य जागतिक वारशाच्या यादीत घेतले. १९९५-९६ पर्यंत मोकळ्या महांची संख्या चारशेच्या पुढे गेली होती.

अर्धे राहिलेले उत्तर

इथे गोष्ट संपली असती तर मी लेकीला दिलेले उत्तर पूर्ण खरे ठरले असते. पण १९९६ पासून पुन्हा चोर आले. या वेळी मांसासाठी नव्हे. खासगी संग्रहांत जिवंत महा ठेवण्याची हौस वाढली होती आणि त्याला पैसा मिळत होता. विशेषतः माद्यांवर डोळा. पकडताना, पळवताना कित्येक मेले. १९९८ पर्यंत चारशेवरून संख्या दीडशेच्या आत आली. नाइलाजाने चाळीसेक प्राणी धरून पुन्हा कुंपणात आणावे लागले. ज्या दारातून ते सोळा वर्षांपूर्वी बाहेर पडले होते, त्याच दारातून आत!

२००७ पर्यंत माळावर ६५ उरले, आणि त्यात विणीच्या जोड्या जेमतेम चार. त्याच सुमारास अभयारण्याचे क्षेत्र नव्वद टक्क्यांनी कमी करण्यात आले. तिथे तेल व वायूचा शोध घ्यायचा होता. जून २००७ मध्ये युनेस्कोने हे स्थळ यादीतून काढून टाकले. एखादे स्थळ वारशाच्या यादीतून वगळण्याची जगातली ती पहिलीच वेळ. म्हणजे मी सॅन डिएगोत "गेले की!" असे म्हणत होतो, तेव्हा या घटनेला दोन वर्षे होऊन गेली होती.

तरीही महा हरला नाही, कारण सगळी अंडी एका टोपलीत ठेवलेली नव्हती. जॉर्डनने शौमरीत १९८३ मध्ये कळप सोडला होता. सौदीने १९९० मध्ये महाझत अस-सैद या प्रचंड कुंपण घातलेल्या माळावर. कुंपणाने चोर आले नाहीत, पण दुष्काळात प्राण्यांना पावसामागे जाता येईना आणि तिथे पुष्कळ उपासमारीने मेले. कुंपणाचा हा दुसरा चेहरा. अमिरातीत शेख झायेद यांच्या पुढाकाराने अल ऐन आणि सर बनी यास बेटावर पैदास चालू होती. तिथून पुढे उम्म अल-झुमूलच्या वाळूत कळप सोडले गेले. या सगळ्यांची बेरीज हजारावर गेली, तेव्हा २०११ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने महाला 'संकटग्रस्त' वर्गातून एक पायरी वर चढवले. एकदा रानातून पूर्ण नाहीसा झालेला प्राणी इतक्या पायऱ्या चढून येण्याची ती पहिलीच वेळ होती. ओमाननेही हार मानली नाही. तिथल्या कुंपणात आज पुन्हा शेकडो आहेत.

आपल्या माळावर

हे वाचताना मला सोलापूरजवळचे नान्नज आठवते. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली तिथे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावेच्या गावे, शेते, रस्ते आले. लोक वैतागले, पुढे सीमा बऱ्याच आखडल्या, आणि माळढोक मात्र दिसेनासाच झाला. आता राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून माळढोकाची अंडी उबवून पिल्ले वाढवली जातात, आणि त्या कामात अबू धाबीच्या हुबारा पक्षी संवर्धन निधीच्या तज्ज्ञांचे साह्य मिळाले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. आखाताने महाच्या आणि हुबाराच्या पायी जे शिकले, ते आपल्या माळढोकाच्या कामी येते आहे. ती पिल्ले एक दिवस माळावर सोडली जातील. तेव्हा प्रश्न तोच असेल, जो यालूनीत होता: दार उघडणे सोपे, पण दाराबाहेरची माणसे त्यांना आपली मानतील का? हरासिसांनी मानले. पण त्यांचा पगार आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाचा पैसा यांची बरोबरी होऊ शकली नाही.

लेक आता मोठी झाली. गेल्या वर्षी सलालाला जाताना तिने मला गाडी चालवू दिली नाही. हैमाला 'अल महा' नावाच्या पंपावर तिने पेट्रोल भरले. पंपाचे नाव पाहून मला हसू आले, आणि जरा गलबललेही. मोटार आणि तेल यांनी ज्याला माळावरून उठवले, त्याचेच नाव त्या पंपावर! मी तिला २००९ सालच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर सांगितले. ती ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, म्हणजे परत येणं एकदाच होत नाही. दर वर्षी यावं लागतं."

पुढच्या खरिफात हैमाला थांबाल तेव्हा पूर्वेकडे पाहा. दिसणार काही नाही, नुसता माळ. पण मुलांना ही गोष्ट तेवढी सांगा. सलाला यायला अजून पाच तास असतात, वेळ पुष्कळ आहे.