केसरबाई केरकर : तबकड्यांत उरलेली गायकी

१/ ५ सप्टेंबर १९७७ रोजी व्हॉयेजर-१ हे यान अवकाशात झेपावले. व्हॉयेजर-२ त्याआधीच, २० ऑगस्टला निघाले होते. दोन्ही यानांवर सोनेरी मुलाम्याची एकेक ध्वनिमुद्रिका होती. तिच्यातील २७ संगीतरचनांत भारताची एकच : भैरवीतील ‘जात कहाँ हो’. गायिका, सूरश्री केसरबाई केरकर. यान निघाल्यावर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबरला, त्यांचे निधन झाले.

२/ केसरबाईंचा जन्म १८९२ मध्ये गोव्यातील केरी येथे झाला. बालपणी अब्दुल करीम खाँ, पुढे रामकृष्णबुवा वझे व भास्करबुवा बखले यांच्याकडे त्यांचे शिक्षण तुटक-तुटक झाले. १९२१ पासून मात्र जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ यांची कठोर तालीम त्यांना दीर्घकाळ लाभली.

३/ अल्लादिया खाँ यांनी स्वतःच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण मागे ठेवले नाही. त्यामुळे त्यांची गायकी शोधायची, तर शिष्यांच्या तबकड्यांकडेच वळावे लागते. केसरबाईंच्या तबकड्यांचे मोल म्हणूनच दुहेरी आहे.

४/ एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांनी त्या काढल्या. ७८ आरपीएमच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. मैफलीत तासभर फुलणारा ख्याल तेवढ्यात बसवायचा, म्हणजे विस्ताराला कात्री लावून बंदिशीत लगेच शिरणे आले.

५/ तरीही निवड पाहावी : ललिता गौरी, नट कामोद, कुकुभ बिलावल. बाजारात सहज खपणाऱ्या गाण्यांच्या काळात घराण्याचे हे अनवट राग तबकडीवर आले. इतक्या अल्प अवधीतही दोन रागांचा सांधा कोठे जुळतो, ते कानाला कळते.

६/ १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ मध्ये पद्मभूषण. मधल्या काळात, १९६३-६४ च्या सुमारास, त्यांनी जाहीर मैफली थांबवल्या.

७/ व्हॉयेजरसाठी ‘जात कहाँ हो’ सुचवले ते संगीत-अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी. तोवर ती ध्वनिमुद्रिका बाजारातून नाहीशी झाली होती. बऱ्याच शोधानंतर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात तिच्या प्रती सापडल्या. त्या मिळाल्या नसत्या, तर कदाचित हा स्वर पृथ्वीवरच राहिला असता.

८/ भैरवी हा परंपरेने मैफलीच्या समारोपाचा राग. म्हणजे अवकाशात गेली ती मैफलीची अखेर. तिच्या आधीचे गाणे जाणून घ्यायचे असेल, तर भैरवीवर न थांबता ललिता गौरीची तबकडी ऐकावी.