बांधावरची बाभूळ, खणाचं घर

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातलं उमापूर हे महसुली मंडळाचं गाव गोदावरीच्या दक्षिणेला आहे. या जिल्ह्याचं क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर. त्यात जंगल जेमतेम दोन-तीन टक्के आणि तेही बरंचसं बालाघाटाच्या डोंगरात. अशा उघड्या मुलखात लाकडी सांगाड्याच्या घरांची परंपरा कशी टिकली, हा प्रश्न कोणालाही पडावा. कारण इथलं जुनं माळवदाचं घर मोजलं जायचं ते खणांनी: पाच खणांचं, सात खणांचं. खण म्हणजे दोन तुळयांमधलं साधारण पाच फुटांचं अंतर. भिंत दगडाची आहे की पांढऱ्या मातीची, हे नंतर. आधी खण किती ते सांगायचं. माझं म्हणणं असं, की हे घर जंगलानं दिलेलं नव्हतं, शेतानं दिलेलं होतं. आणि ते मागे पडलं तेही लाकूड संपलं म्हणून नव्हे, तर शेत, झाड आणि सुतार यांची सांगड सुटली म्हणून.

या घराचं मूळ शोधायचं तर बांधावर जावं लागतं. काळ्या जमिनीत बाभूळ आपसूक येते, पण शेतकऱ्यानं राखली ती मुख्यतः रामकाठी. ती सरळ वाढते, तिच्या फांद्या खोडालगत वर जातात आणि सावली फार पसरत नसल्यानं खालची ज्वारी मरत नाही. पंधरा-वीस वर्षांत खांबाजोगं खोड तयार होतं. तिच्या शेंगा शेळ्यांना, काट्या कुंपणाला, साल कातडी कमवायला, खोड वखराला, तिफणीला, बैलगाडीला. घरासाठी म्हणून वेगळी झाडं क्वचितच लावली जात. अवजारांसाठी राखलेल्या झाडांतूनच एखादं सरळसोट खोड खांबासाठी सोडलं जाई. कडुलिंबाचंही तसंच. लाकूड कडू असल्यानं त्याला कीड कमी लागते, म्हणून कड्यांसाठी त्याला मान. बांध हाच या मुलखातला लाकूडसाठा होता, आणि त्याची राखण कोणत्याही वनखात्यानं नव्हे, कुळवाड्यानं केली.

आता कामाकडे पाहू. झाड तोडायचं ते हिवाळ्यात, शक्यतो अंधाऱ्या पंधरवड्यात, असा जुना दंडक. त्यातल्या चंद्राच्या भागाबद्दल मतभेद असू शकतात. हिवाळ्याचा भाग मात्र पटण्याजोगा आहे, कारण सावकाश वाळलेलं लाकूड कमी तडकतं. बाभळीच्या गाभ्याभोवतीच्या पांढुरक्या थराला भुंगा लवकर लागतो, म्हणून ओंडके काही महिने पाण्यात टाकून ठेवायचे आणि मग सावलीत वाळवायचे. बाभूळ ओली असताना वाकसाखाली नमते. पुरती वाळली की किंकऱ्याला दाद देत नाही. त्यामुळे मोठं तासकाम आधी आणि सांध्याचं बारीक काम नंतर, हा क्रम लाकडानंच ठरवून दिलेला. खांबाच्या डोक्याला कुसू काढायचं, ते तुळईच्या भोकात बसवायचं, पाचर मारून आवळायचं. खिळ्याचं काम जवळपास नाही. खांब जमिनीत गाडायचा नाही, दगडाच्या उथळ्यावर उभा करायचा, म्हणजे वाळवी आणि ओल दोन्ही दूर. तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचन, त्यावर निंबाचा पाला, मग चिखल आणि सर्वांत वर पांढरी माती. ही पांढरीच का, काळी का नाही, याचं उत्तर शेतातच दिसतं. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते. पायाखालची जमीनही अशी वर्षातून दोनदा हलत असेल तर ताठ भिंतीला तडा जाणारच. सुट्या उथळ्यांवर उभा असलेला, सांध्यांत किंचित देणारा सांगाडा त्या हालचालीसोबत सरकून घेतो. बीडमध्ये वर्षाला सरासरी सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून सपाट माळवदही इथे चालून जातं. कोकणात असं छत एका श्रावणात बसलं असतं.

यावर पहिला आक्षेप असा, की देशमुख-पाटलांच्या वाड्यांतलं सागवान काही बांधावरचं नव्हतं, ते दुरून आणलेलं असे. हे खरं आहे. पण वाडा हा गावातला अपवाद असतो. बाहेरचं लाकूड पैशानं येतं आणि पैसा मोजक्यांकडे होता. कोठे, छपरं, दोन-तीन खणांची घरं हीच गावाची बहुसंख्य बांधणी, आणि ती बाभूळ-निंबावरच उभी राहिली. दुसरा आक्षेप, की शेतकऱ्यानं घर 'स्वतः' कुठे बांधलं, सुतारानं बांधलं. इथे बलुत्याची व्यवस्था ध्यानात घ्यावी लागते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या 'गाव-गाडा'त बलुतेदारांच्या ओळी मांडल्या आहेत, त्यात सुतार थोरल्या ओळीत येतो. औताची दुरुस्ती हे त्याचं वर्षाचं बलुत्याचं काम. तोडणं, ओढून आणणं, पाण्यात टाकणं, साल काढणं, पाला-माती चढवणं हे घरचं आणि भावकीचं काम, तर सांधे आणि ओळंबा सुताराचा. मेढी रोवून केलेलं कोठ्याचं छप्पर तर पुष्कळदा सुताराशिवायच होई. या व्यवस्थेचा गौरव करण्याचं कारण नाही. ती जातीनं बांधलेली होती, सुताराला दर ठरवायचा अधिकार नव्हता आणि गावाच्या कडेला राहणाऱ्यांच्या वाट्याला खणाचं घर क्वचितच आलं. तरी बांधकामाचं ज्ञान गावातच राहिलं, ते याच व्यवस्थेमुळे.

सर्वांत जड आक्षेप किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादमध्ये सुमारे आठ हजार माणसं गेली आणि मराठवाड्याच्या मनात माती-लाकडाचं घर म्हणजे मरण हे पक्कं बसलं. त्या दुःखापुढे वाद घालणं सोपं नाही, पण पुरावा नीट पाहायला हवा. माणसं प्रामुख्यानं गाडली गेली ती चिखलात रचलेल्या, आरपार जोडदगड नसलेल्या जाडजूड भिंतींखाली, आणि वर्षानुवर्षं थरावर थर चढवून अवजड झालेल्या माळवदांखाली. जिथे खांब-तुळयांचा सांगाडा भिंतीपासून स्वतंत्र आणि धड होता, तिथे भिंती बाहेर ढासळूनही छत खांबांवर तोललेलं राहिल्याची उदाहरणं पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना आढळली. सगळीकडे असं झालं नाही. खांब कुजलेले होते, कित्येक घरांत तुळया सरळ भिंतीवर टेकवल्या होत्या, आडव्या झोक्याला अडवणारे तिरपे आधार नव्हते. म्हणजे दोष होते आणि ते दुरुस्त करता येण्यासारखे होते. त्याच १९९३ सालच्या भारतीय मानक १३८२७ मध्ये मातीच्या घरांना भूकंपात तगवण्यासाठी लाकडी पट्ट्यांचा उपाय दिलेला आहे. लोकांपर्यंत मात्र पोचली ती सिमेंटची निकड. जनगणनाही माती, लाकूड, गवत यांच्या छतांना एकाच कच्च्या रकान्यात टाकते. सात खणांचं माळवद आणि पाचटाची झोपडी तिथे सारखीच.

मग सांगड सुटली कधी? एका तारखेत ते बसत नाही. १९७६ मध्ये जायकवाडी धरण पूर्ण झालं आणि पैठणचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून माजलगावकडे गेला. ओलिताखाली आलेल्या रानात बांधाची प्रत्येक वीत उसाला, कापसाला हवी झाली. ट्रॅक्टर आला तशी बैलगाडी आणि लाकडी औत गेलं, म्हणजे रामकाठी राखण्याचं रोजचं कारणच गेलं. बलुतं संपलं, ते संपायलाच हवं होतं. पण रोख मजुरीवर सुताराला घर बांधायला लावणं कोणाला परवडेना, आणि त्याची मुलं फर्निचरकडे, वेल्डिंगकडे वळली. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं वर्षाचे पाच-सहा महिने कारखान्यावर कोपीत राहतात. पावसाळ्याआधी माळवदाला पांढरी चढवायची तर घरात हात हवेत, सवड हवी. गावी परतून पेरणीच्या घाईत असलेल्या घराला पत्रा सोयीचा वाटला, यात त्यांची चूक काही नाही. एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी पार करणाऱ्या उन्हात त्या पत्र्याखाली दुपार काढणं किती अवघड, हे तिथे राहणाऱ्यांना कोणी सांगायची गरज नाही.

लाकूड टिकत नाही, हा शेवटचा समज तर बाजारच खोटा ठरवतो. पाडलेल्या घरांचे खांब, तुळया, चौकटी जुन्या लाकडाचे व्यापारी आजही विकत घेतात, आणि त्यातला उत्तम माल शहरांतल्या हॉटेलांत, शेतघरांत पुन्हा उभा राहतो. अशी तुळई सांध्यातून उतरवता येते, ती खिळ्यांनी जखडलेली नाही, म्हणूनच हा व्यापार चालतो. गेवराईच्या गावांत अजून उभी असलेली माळवदं पाडली जाण्याआधी त्यांचे सांधे मोजून, कागदावर काढून ठेवणं हे जिल्ह्यातल्या कोणत्याही आयटीआयला किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाला सहज जमणारं काम आहे. ते करायचं तर वाकस चालवलेली शेवटची पिढी हयात आहे तोवरच करावं लागेल.