प्राणहितेवरील अपूर्ण जलमार्ग आणि सिरोंचा परिसरातील वारसा केंद्राची आवश्यकता

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांचा इतिहास लिहिताना गोंड राजांचे किल्ले, वरोरा-बल्लारपूरचा कोळसा आणि जंगल सत्याग्रह यांवर अभ्यासकांचा भर राहिला आहे. एकोणिसाव्या शतकातील गोदावरी जलवाहतूक योजनेचा मात्र ओझरता उल्लेखच आढळतो. योजना फसली, हे त्यामागचे कारण असावे. फसलेल्या कामांची स्मारके सहसा कोणी उभारत नाही.

धवळेश्वरम येथील धरणामुळे (१८४७-५२) ख्यातनाम झालेले सर आर्थर कॉटन रेल्वेपेक्षा जलमार्गाचे पुरस्कर्ते होते. गोदावरी, प्राणहिता व वर्धा या नद्या नौकानयनास योग्य केल्यास वऱ्हाड-हिंगणघाटचा कापूस थेट पूर्व किनाऱ्यास पोहोचेल, अशी ही कल्पना होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाची टंचाई भासू लागली व योजनेस जोर आला. मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांचाही तिला पाठिंबा होता. नदीच्या पात्रात खडकांचे तीन मोठे अडथळे होते. सरकारी कागदपत्रांत त्यांना ‘बॅरियर’ म्हटले आहे. पहिला दुम्मागुडेम येथे, दुसरा इंद्रावतीच्या संगमाजवळ इंचमपल्ली येथे आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरी येथे, म्हणजे आजच्या अहेरी तालुक्यात. कॅप्टन हेग यांच्या देखरेखीखाली बंधारा, वळण कालवा आणि नावा चढविण्या-उतरविण्यासाठी दरवाजांचे लॉक अशी कामे हाती घेण्यात आली.

तथापि मजूर दूरवरून आणावे लागत, हिवतापाने ते हैराण होत, आणि नदीस पुरेसे पाणी वर्षातील काही महिनेच असे. दरम्यान १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे आली. मुंबईकडे जाणाऱ्या कापसास नदीची गरजच उरली नाही. १८७१ मध्ये काम थांबविण्यात आले. सिरोंचा हे मुख्यालय असलेला अप्पर गोदावरी जिल्हाही १८७४ मध्ये रद्द होऊन चांदा जिल्ह्यात विलीन झाला. ज्या रेल्वेने हा जलमार्ग निकामी ठरविला, ती सिरोंचापर्यंत आजतागायत आलेली नाही.

येथे एक तुलना अपरिहार्य ठरते. याच मुलखाच्या उत्तर भागात कोहळी समाजाने बांधलेले तलाव, ज्यांना आज ‘मामा तलाव’ म्हणतात, धानाला पाणी देत राहिले. ते स्थानिक गरजेतून निर्माण झाले होते. प्राणहितेचा जलमार्ग परक्या बाजारपेठेसाठी होता. २०१९ मध्ये कार्यान्वित झालेल्या मेडीगड्डा बंधाऱ्याचे एक टोक सिरोंचा तालुक्यात आहे. त्याचे काही खांब २०२३ मध्ये खचले. नदीच्या या पट्ट्यातील जुन्या बांधकामांचा अनुभव केवळ इतिहासाच्या अध्यापकांपुरता उरलेला नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

म्हणूनच सिरोंचा किंवा अहेरी येथे लोकसहभागातून एक छोटे वारसा केंद्र उभारावे, असे सुचवावेसे वाटते. भव्य इमारतीची आवश्यकता नाही. ग्रामपंचायतीची एखादी खोली व महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी पुरेत. जुने नकाशे व गॅझेटिअर यांच्या प्रती मिळविणे तुलनेने सोपे आहे. कठीण काम निराळे आहे. नदीतील खडकांना, डोहांना आणि उताराच्या घाटांना तेलुगू, माडिया व गोंडी भाषांत जी नावे आहेत, ती ढीवर व नावाडी कुटुंबांतील वृद्धांकडून नोंदवून घ्यावी लागतील. तत्कालीन उपायुक्त ग्लासफर्ड यांचे नाव सिरोंचा तालुक्यातील ग्लासफर्डपेठा या गावाने जपले आहे. ज्यांनी देवलमरीचे खडक फोडले, त्या मजुरांचा माग काढण्यास या मौखिक नोंदींपासूनच आरंभ करावा लागेल.