घराची प्रतवारी : तेलटंचाईतून निघालेला कागद

आज एका कागदाचा इतिहास पाहू. युरोपात घर विकताना किंवा भाड्यानं देताना हा कागद दाखवावा लागतो. त्या घराला किती ऊर्जा लागेल, याची प्रतवारी त्यावर असते. आपली मुलंबाळं लंडन-लेस्टरला घर भाड्यानं घेतात, तेव्हा तो त्यांच्याही समोर येतो.

सुरुवात झाली ती युद्धातून. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि अरब देशांनी तेलाचं हत्यार उपसलं. पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव जानेवारी १९७४ पर्यंत साडेअकरा डॉलरच्या वर गेला. डेन्मार्कची ऊर्जेची सुमारे ९० टक्के गरज आयात तेलावर भागत होती. तिथं रविवारी मोटारी चालवायला बंदी आली. पण तेल फक्त मोटारीत जळत नव्हतं. ते हिवाळ्यात घरं तापवण्यातही जळत होतं.

इथं एक जुनी अडचण होती. भिंत कशी असावी हे बांधणारा ठरवतो. छपराखाली उष्णता अडवणारा थर घालायचा की नाही, हे मालक ठरवतो. बिल मात्र राहणारा भरतो. घर पाहायला आलेल्याला रंग दिसतो, फरशी दिसते. भिंतीतून निसटणारी ऊब दिसत नाही. सैन्यात बदली झाली की क्वार्टर ताब्यात घेताना पंखे, नळ, काचा मोजून मगच सही करतात. पण भिंतीची परीक्षा त्या यादीत नसते.

ती परीक्षा यादीत आणण्यात डेन्मार्क आघाडीवर होता. १९९७ पासून तिथं घरविक्रीच्या वेळी ऊर्जेची प्रतवारी सक्तीची झाली. डिसेंबर २००२ मध्ये युरोपीय संघानं सर्व सदस्य देशांसाठी तसा निर्देश काढला. इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑगस्ट २००७ मध्ये चार किंवा जास्त शयनगृहांच्या घरांपासून सुरुवात झाली. ऑक्टोबर २००८ पासून भाड्याची घरंही त्यात आली. विक्रीसाठी कागदपत्रांचं जे मोठं बाड सक्तीचं केलं होतं, ते २०१० मध्ये सरकारनं बाजूला ठेवलं. हा एक कागद मात्र टिकला.

तो वाचायचा कसा? 'ए' सर्वांत चांगली श्रेणी, 'जी' सर्वांत वाईट. ९२ किंवा जास्त गुण म्हणजे 'ए', ६९ पासून 'सी', ३९ पासून 'ई'. कागद दहा वर्षं चालतो, म्हणून आधी तारीख पाहावी. दुसरी गोष्ट, हे गुण ठरावीक वापर गृहीत धरून काढलेले असतात. त्यामुळे तुमचं बिल त्याच्याशी जुळेलच असं नाही. पण दोन घरांची तुलना नक्की करता येते. तिसरी गोष्ट, कोणत्या सुधारणा केल्यानं श्रेणी वाढेल, याची यादीही सोबत असते. भावाची घासाघीस करताना ती कामाला येते.

तरीही पहिली दहा वर्षं हा कागद बराचसा माहितीपुरताच राहिला. जोर आला १ एप्रिल २०१८ ला. त्या दिवसापासून इंग्लंड-वेल्समध्ये, काही अपवाद सोडले तर, 'एफ' आणि 'जी' श्रेणीचं घर नव्या भाडेकरूला देता येईना. एप्रिल २०२० पासून चालू भाडेकरारांनाही हाच नियम लागला. थंडीत कुडकुडणाऱ्या भाडेकरूच्या दृष्टीनं खरा फरक इथं पडला.

आपल्याकडे ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. २००६ पासून फ्रिज आणि एसीवर तारे आले. २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' आली. भिंती, खिडक्या आणि छपरातून किती उष्णता आत यावी, याची मर्यादा तिनं घातली. २०२२ च्या दुरुस्तीनं मोठ्या निवासी इमारतींनाही कायद्याच्या कक्षेत आणलं. पण आपण जुनं घर घेतो तेव्हा असा कागद सहसा कुणी पुढे करत नाही.

म्हणून नागपूर असो, जयपूर असो की चेन्नई, सही करण्याआधी चार गोष्टी स्वतः तपासा. वर उघडी गच्ची आहे का? पश्चिमेच्या भिंतीवर दुपारचं ऊन किती येतं? खिडक्यांना सावली आहे का? मागच्या मे महिन्याचं वीजबिल किती आलं? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच करू नका. पुढची बिलं तुम्हालाच भरायची आहेत.