विधिशिक्षणातील प्रवेश आणि अंकांचे भाकीत

अमेरिकेतील नामांकित विधिशाळांत प्रवेश इच्छिणारा विद्यार्थी आपल्या यशाची शक्यता बहुधा दोन अंकांवरून अजमावतो : पदवीपर्यंतच्या गुणांची सरासरी आणि 'लॉ स्कूल ॲडमिशन टेस्ट' या चाचणीतील गुण. या अंकांना कितपत प्रमाण मानावे, हे ठरविण्यासाठी त्यांचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे.

या चाचणीची कल्पना कोलंबिया विद्यापीठाच्या विधिशाळेचे प्रवेशाधिकारी फ्रँक बोल्स यांनी १९४५ साली कॉलेज एंट्रन्स एक्झामिनेशन बोर्डापुढे मांडली. १९४७ मध्ये काही विधिशाळांच्या प्रतिनिधींनी तीवर विचार केला आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये पहिली चाचणी झाली. तिचा हेतू मर्यादित होता. उमेदवार पुढे कसा वकील होईल, हे तीवरून ठरवावयाचे नव्हते. पहिल्या वर्षी त्याला कितपत गुण पडतील, एवढाच अंदाज बांधावयाचा होता. पुढे जागांच्या मानाने अर्ज फार झाले, तेव्हा हा अंदाजच निवडीचे साधन बनला.

या स्थित्यंतराचा बोलका पुरावा 'डीफ्युनिस विरुद्ध ओडेगार्ड' या खटल्यात सापडतो. १९७१ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या विधिशाळेकडे सुमारे १५० जागांसाठी १,६०१ अर्ज आले. चाचणीचे गुण आणि पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांतील सरासरी यांवरून प्रत्येकाची 'प्रथमवर्षीय अपेक्षित सरासरी' काढण्यात आली. ७७ च्या वरील अर्जांचा विचार आधी होई, ७४.५ च्या खालील बहुतेक अर्ज समितीचे अध्यक्षच नाकारीत. डीफ्युनिस यांची सरासरी ७६.२३, म्हणजे मधल्या पट्ट्यातील होती. त्यांनी चाचणी तीनदा दिली होती व त्यांना ५१२, ५६६ आणि ६६८ असे गुण मिळाले होते. हिशेबात ५८२ ही सरासरी धरली गेली. एकाच व्यक्तीच्या गुणांत १५६ चे अंतर, आणि भाकीत मात्र दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत!

त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. प्रवेश देऊ केलेल्या ३७ अल्पसंख्य उमेदवारांपैकी ३६ जणांची सरासरी त्यांच्याहून कमी होती, आणि वाद गाजला तो यावरून. परंतु त्याच नोंदींनुसार अल्पसंख्य नसलेल्या ४८ जणांनाही त्यांच्याहून कमी सरासरीवर प्रवेश मिळाला. त्यांत २३ जण लष्करी सेवेतून परतलेले होते. उलट, अधिक सरासरी असूनही २९ जण वगळले गेले. म्हणजे वंशाचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला, तरी केवळ अंकाने निकाल लागलेला नव्हता.

न्यायालयाच्या आदेशाने प्रवेश मिळालेले डीफ्युनिस १९७४ पर्यंत पदवीच्या उंबरठ्यावर पोचले होते. त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने वाद निरर्थक ठरला असे मानून गुणदोषांवर निर्णय दिला नाही. न्यायमूर्ती डग्लस यांनी मात्र भिन्नमतपत्रात या चाचणीच्या विश्वसनीयतेविषयीच शंका घेतली. २०२३ मध्ये हार्वर्डविषयक निकालाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धती घटनाबाह्य ठरविली. अंकांच्या अर्थाचा प्रश्न त्याने सुटलेला नाही.

तात्पर्य, अपेक्षित सरासरी ही समूहाविषयीचे विधान आहे. अगदी वरच्या वा खालच्या टोकाला ती उमेदवारास पुष्कळ सांगते. मधल्या पट्ट्यात मात्र ती एवढेच सांगते, की आता निर्णय गणिताच्या हातून सुटून माणसांच्या हाती गेला आहे; आणि आपला अर्ज त्या माणसांसाठी लिहिणे, एवढेच उमेदवाराच्या हाती उरते.