गरीब म्हणजे कोण?

पंधराव्या शतकात बीदरच्या दरबारात ज्यांना ‘गरीब’ म्हणत, त्यांतले कित्येक चांगले श्रीमंत होते. आजच्या धाग्यात या शब्दाचा, आणि त्याच्या सोबतीने दारिद्र्यवाचक आणखी काही शब्दांचा, मागोवा घेऊ.

बहमनी राज्यात सरदारांचे दोन तट होते. दख्खनेत पिढ्यान्‌पिढ्या रुजलेले ते दख्खनी; इराण, अरबस्तान, तुर्कस्तान अशा मुलखांतून नव्याने आलेले ते आफाकी. या आफाकींनाच फार्सी तवारिखांत ‘गरीब’ असेही म्हटले आहे. गिलानहून व्यापारासाठी आलेला आणि पुढे राज्याचा वजीर झालेला महमूद गावान हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. बीदरचा भव्य मदरसा त्यानेच उभारला.

अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका, आपल्या मुलखापासून दुरावलेला. सूर्य दृष्टीआड होतो ती दिशा ‘मगरिब’, तीही याच धातूतून आलेली. निर्धनासाठी अरबी भाषा ‘फकीर’ हा शब्द वापरते. आपण फकीर हे नाव विरक्ताला दिले आणि परक्याच्या नावाने निर्धनाला ओळखू लागलो.

हा अर्थबदल दिसतो तितका विचित्र नाही. परक्या मुलखात जामीन राहणारा नसतो, गोत नसते, अडल्यावेळी दार उघडणारे कोणी नसते. अलाउद्दीन अहमदच्या कारकिर्दीत (१४३६-१४५८) कोकणच्या मोहिमेतून वाचून चाकणला आलेल्या आफाकींची दख्खनी सरदारांनी कत्तल घडवून आणली. १४८१ मध्ये खुद्द गावान एका बनावट पत्रापायी प्राणाला मुकला. हुद्दा आणि पैसा असूनही तो त्या अर्थी गरीबच होता.

आता संस्कृतकडे वळू. ‘दरिद्र’ हा शब्द, अभ्यासकांच्या मते, ‘द्रा’ म्हणजे धावणे या धातूच्या द्विरुक्त रूपातून आला. मूळ अर्थ : इकडून तिकडे भटकणारा. यजुर्वेदातील शतरुद्रीयात रुद्रालाच ‘दरिद्र’ असे संबोधले आहे. एक शब्द सेमिटिक कुळातला, दुसरा आर्य कुळातला. एकमेकांशी काडीचे नाते नसताना दोघेही घर सुटलेल्या माणसापासून निघून निर्धनापाशी पोहोचले. मला स्वतःला हा योगायोग वाटत नाही.

मराठीने मात्र या दोघांत भेद केला. ‘गरीब’ला सहानुभूती मिळाली, इतकी की ‘गरीब स्वभाव’ आणि ‘गरीब गाय’ यांचा पैशाशी संबंधच उरला नाही. ‘दरिद्री’ ही मात्र शिवी झाली. पहिल्याची परिस्थिती वाईट, दुसऱ्याची जणू वृत्तीच वाईट. (माझी आजी कंजूष शेजाऱ्यालाही दरिद्री म्हणे; त्याचा तिमजली वाडा होता.)

परकेपण आणि दैन्य यांची सांगड आपल्या गावगाड्यातही दिसते. तिथला शब्द ‘उपरी’. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. सारा भरत राहिला तर ती सहसा हिरावली जात नसे. उपरी बाहेरून आलेला. ठरलेल्या मुदतीपुरती जमीन कसणारा, गावच्या मानपानात स्थान नसलेला. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात या दोन्ही वर्गांची नोंद घेतली आहे. प्रत्येक उपरी निर्धन होता असे मुळीच नाही. त्याच्यावरचा साऱ्याचा दर कित्येकदा मिरासदारापेक्षा हलका असे. पण दुष्काळ पडला की पाय रोवायला त्याच्याकडे काही नसे.

आणि दुष्काळ मिरासदारालाही उपरी करी. १६३०-३२ च्या दुष्काळासारख्या संकटात गावेच्या गावे ओस पडली. अशा लोकांसाठी मराठीने ‘परागंदा’ हा फार्सी शब्द घेतला. त्याचा अर्थ विखुरलेला. आपल्या गावात वतनाचा, मानाचा असलेला कुणबी दहा कोसांवर गेला की नुसता परका.

इंग्रजी राजवटीत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या समाजांतील अनेकांना जन्मतःच संशयित ठरवले. या जमाती विमुक्त झाल्या त्या १९५२ मध्ये. त्यानंतर सुमारे तीन दशकांनी, १९८० मध्ये, टोपल्या विणत गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी समाजातील लक्ष्मण माने यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. त्यात उपासमार पानोपानी आहे. पुस्तकाचे नाव त्यांनी ठेवले ‘उपरा’.